अस्वलाला भरलेली हुडहुडी

हा माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्याचं कौतुक करणार आहे आणि ते लपवायचं मला कारण नाही. दुसऱ्यांचे भाऊ असतील शिकलेले, असतील मोठ्या हुद्द्यावर. असू देत. माझ्या भावासारखा एक आणून दाखवा, मी मिशी उतरवून देतो. शाळेत मी फार टिकलो नाही, तेव्हा लिहिताना शब्द इकडंतिकडं झाला तर सांभाळून घ्या. यात दादा म्हणून जो येईल तो मीच. पण गोष्ट त्याची आहे, म्हणून मी आपला बाजूला उभा राहतो. त्याच्या मनातलं मला कसं कळलं असं कुणी विचारलं, तर मी त्याचा भाऊ आहे, एवढंच उत्तर.

धाकटा कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागून पत्र्याची लांबलचक इमारत, आत ओळीनं खोल्या. एकीत सफरचंदं, एकीत बटाटे, आणि अगदी टोकाला मटाराची खोली, जिथं श्वास सोडला की मिशीवर बर्फ धरतो. त्याचं काम या खोल्या फिरायचं. पंख्यांवर साचलेला बर्फ फोडायचा, दारांची रबरं पुसायची, क्रेट भिंतीला चिकटून लावले असतील तर ओढून मागं घ्यायचे, म्हणजे वारं खेळतं राहतं. नवी पोरं पाच मिनिटांत बाहेर येऊन हात काखेत घालून नाचायची. हा गडी बिनबाह्यांच्या स्वेटरवर आत जायचा आणि शीळ घालत बाहेर यायचा. एकदा मटाराच्या खोलीचं दार बाहेरून अडकलं. लोकांनी हातोडे मारून उघडलं, तर साहेब क्रेटवर बसून मटार चघळतायत. म्हणाला, "एवढा आरडाओरडा कशाला? चव बघत होतो." त्या दिवसापासून मुकादमानं त्याचं नाव अस्वल ठेवलं, आणि तेच चिकटलं. पगाराच्या दिवशीसुद्धा "अस्वल, ये रे" अशीच हाक.

तर अशा माणसाच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली.

दारू म्हणाल तर थेंबाला शिवलेला नाही. पण लिव्हर म्हटलं की समोरच्याचे डोळे आधी बाटली शोधतात. नर्स विचारायची, सोनोग्राफीवाला विचारायचा, शेजारचा पेशंट विचारायचा. पहिल्यांदा याला राग यायचा. मग तो समजावून सांगायचा, की रक्तात काविळीचा विषाणू निघाला, तो कधी शिरला हे कुणालाच माहीत नाही, त्यानं हळूहळू लिव्हर खाल्लं. पुढं पुढं समजावायचंही सोडलं. कुणी विचारलं, "घेत होता का?" की म्हणायचा, "हो, मटार." आणि डोळे मिटून घ्यायचा.

डॉक्टरीणबाई अंगानं बारीक, चष्मा कायम कपाळावर. त्यांनी नीट सांगितलं. पोट फाडायचं नाही. बरगडीखालून लांब सुई आत घालायची, पडद्यावर बघत बघत गाठीच्या पोटात न्यायची आणि तिचं टोक तापवून गाठ तिथल्या तिथं जाळायची. दादानं ही गोष्ट गल्लीत अशी सांगितली, की जणू सुई दादानंच शोधून काढलीय. "टाका नाही, चिरफाड नाही! दुसऱ्या दिवशी माझा भाऊ पायी जिना चढला!" आणि चढला होताच. खोटं कशाला सांगू?

पण जिना चढून वर आल्यावर काय, ते दादाला दिसत नव्हतं. ते त्याच्या बायकोला दिसायचं. पहिल्या सुईनंतर त्याचा उजवा खांदा धरला. टोचलं बरगडीत आणि दुखतोय खांदा! त्याला वाटलं, टेबलावर चुकीचं झोपवलं असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ अगदी वर होती, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागून. त्या पडद्याला आच लागली, त्याचं दुखणं खांद्यात उमटतं. होतं असं, जाईल. गेलं, पण सावकाश. तोवर शर्ट बायकोनं घालून द्यायचा.

मग दुसरी गाठ निघाली, दुसरी सुई झाली. सुई तापवताना मांड्यांना चिकटपट्ट्या लावतात, करंट अंगातून बाहेर जायला. त्यातली एक कडेनं सुटली होती. तिथं कातडी भाजली आणि हा टम्म फोड आला. कामावर लंगडत गेला. मुकादम म्हणाला, "काय अस्वल, सर्कशीतून पळून आलास काय?" सगळे हसले, हाही हसला. आणि सफरचंदाच्या खोलीत जाऊन, दार ओढून घेऊन, क्रेटवर नुसता बसून राहिला. दुखत होतं म्हणून नाही. दमला होता म्हणून. ते दमणं वेगळंच. झोपून उठलं तरी ते उशाशी बसलेलं असायचं.

त्यात तिसरी गाठ दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहान आहे. वेळेत सापडलीय. हीसुद्धा जाळू."

रिक्षातून घरी येताना तो बायकोला म्हणाला, "ही शेवटची हं. यानंतर मी त्या टेबलावर चढणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे."

ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "बरं."

"बरं काय बरं? भांड की."

"मीही दमलेय," ती म्हणाली.

तिसरी सुई झाली. उपाशीपोटी जाणं, तो मागून उघडा झगा, पोटावर गार जेल, "श्वास घ्या, धरा, सोडा" हे सगळं त्याला आता पाठ होतं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं. "पहिले काही दिवस हलका ताप येईल, अंग मोडून येईल. जळलेला भाग शरीर साफ करतं, त्याचा तो ताप. घाबरायचं नाही. पण तो ताप गेल्यावर पुन्हा आला, किंवा हुडहुडी भरून अंग थडथडलं, तर वाट बघायची नाही. दिवस असो, रात्र असो, सरळ इकडं यायचं. यांना शुगर आहे. अशा माणसाला जळलेल्या जागी पू धरू शकतो."

"ऐकलंस ना?" दादा म्हणाला.

"बहिरा नाहीये मी," धाकटा म्हणाला.

हलका ताप आला, आणि गेला. डॉक्टरीणबाईंनी हलकी कामं करायला परवानगी दिली. धाकटा स्वेटर घालून कामावर गेला. मुकादमानं त्याला ओझं उचलू दिलं नाही, फक्त खोल्या बघ म्हणाला. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग एके दिवशी सफरचंदाच्या खोलीत त्याच्या पाठीतून एक शिरशिरी सळसळत वर गेली आणि दात वाजायला लागले. थांबेचनात. हातातलं फडकं खाली पडलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

ट्रॉली घेऊन मुकादम आत आला. "अरे देवा! अस्वलाला थंडी वाजतेय! या रे सगळे, तिकीट लावा!"

"सवय मोडली," धाकटा दात आवळून म्हणाला. "घरी बसून बसून नाजूक झालो."

"आणि म्हातारा."

"तो तू."

मुकादमानं हसत हसत आपलं जाड जाकीट त्याच्या खांद्यावर टाकलं. एवढ्या वर्षांत त्या गड्याच्या अंगावर जाकीट कुणी बघितलं नव्हतं. जरा वेळानं हुडहुडी उतरली. उन्हात येऊन बसला, तर अंग तापलेलं लागलं. ऊन आहे, लागणारच गरम. तापाची एक गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही.

आता मला सांगा, कापसाच्या गोदामात हे झालं असतं तर एका क्षणात कळलं असतं. पण इथं थंडी वाजणं म्हणजे हजेरी लावण्यासारखं. जो आत जातो त्याला वाजते. डॉक्टरीणबाईंचे शब्द याला आठवत नव्हते असं नाही. चांगले आठवत होते. पण त्यांनी सांगितली ती हुडहुडी तापाची, आणि ही आपली खोलीची, अशी त्यानं मनात वाटणी करून टाकली. बायकोनं कपाळाला हात लावला की म्हणायचा, "थंडीतून उन्हात येतो ना, त्यानं होतं." तिलाही ते पटायचं, कारण लग्न झाल्यापासून हा माणूस गार हात घेऊनच घरी आलेला. आणि खरं सांगायचं तर ती वाटणी त्याला सोयीची होती. खोलीची थंडी असली तर घरी जाऊन पडता येतं. दुसरी असली तर त्या टेबलावर चढावं लागतं.

मग सुट्टीचा दिवस उजाडला. उन्हाळा ऐन भरात. दुपारी गॅलरीच्या लाद्यांवर अनवाणी पाय ठेवला तर चटका बसेल असं ऊन. बायको धुतलेले कपडे वाळत घालायला बाहेर आली, तर हा गॅलरीत, भर उन्हात, गोधडी पांघरून बसलेला. गोधडी थरथरतेय.

ती बादली खाली ठेवून बघत राहिली. "आज कुठली खोली?"

त्यानं गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

"मी विचारतेय. आज कुठल्या खोलीत गेला होतात?"

"अगं, इतक्या वर्षांची थंडी आहे. अंगात भिनलीय. निघतेय आता."

"माझ्याशी असलं बोलू नका." तिनं कपाळाला हात लावला आणि मागं घेतला. "चला. कपडे बदला."

"नको."

"म्हणजे काय नको?"

"तुला माहितीय काय नको ते." आणि मग अगदी हळू म्हणाला, "मला जरा बसू दे. आज सुट्टी आहे ना माझी? एक दिवस बसू दे."

ती त्याच्याजवळच चटक्याच्या लादीवर बसली. ओरडली नाही की रडली नाही. आमच्या घरात आलेल्या बायकासुद्धा अशा, धीराच्या. पण तिलाही काय करावं ते कळेना. अंगानं दांडगा माणूस, उचलून तर नेता येत नाही.

नेमका त्याच वेळी जिन्यावरून दादाचा आवाज आला. दादाचा आवाज माणसाच्या आधी पोहोचतो, हे मान्य आहे. "या या! चढा! याच जिन्यानं माझा भाऊ दुसऱ्या दिवशी चढला, सांगितलं ना तुम्हाला!" बरोबर दादाच्या गल्लीतला कुलपवाला. किल्ल्या कानशीनं घासून घासून बोटं काळी झालेला, मितभाषी माणूस. त्याच्या वडिलांच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली होती, आणि त्यांनाही हीच सुई सांगितली होती. म्हातारा घाबरला होता, घरचे घाबरले होते. दादा म्हणाला, घाबरता कशाला, डोळ्यांनी बघा, माझा भाऊ तीनदा जाऊन आलाय.

आवाज ऐकल्याबरोबर धाकट्यानं गोधडी बायकोकडं ढकलली आणि ताठ बसला. दादा चारचौघांत आपलं कौतुक करतो, त्याचं तोंड पडू द्यायचं नाही, एवढंच त्या क्षणी त्याच्या मनात. असा भाऊ! अंगात ताप फणफणतोय आणि थोरल्याच्या शब्दाची काळजी.

"बसा," तो कुलपवाल्याला म्हणाला. "खुर्ची घ्या. उन्हात बसू नका, मला आपली सवय आहे."

"बघा रंग!" दादा म्हणाला. "गाल कसे लाल झालेत बघा. तब्येत आहे की नाही?"

बायकोनं दादाकडं असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर गप्प झाला असता. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. चहा द्यायचा म्हणून नाही, काय करावं ते सुचेना म्हणून.

कुलपवाल्यानं कप हातात घेतला, पण प्यायला नाही. "मला फार बोलता येत नाही," तो म्हणाला. "वडिलांनी सांगितलंय, त्या माणसाला एकच विचारून ये. दुखतं किती ते नको विचारू, म्हणाले. घरी आल्यावर काय होतं ते विचार. ते जे सांगतील तसं मी करीन, असं म्हणालेत."

"काही होत नाही!" दादा म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं, दादा. यांना विचारलं."

धाकट्यानं कप दोन्ही हातांत धरला होता. दातांवर दात दाबून धरले होते. काही होत नाही म्हणायचं होतं. तीन शब्द, म्हणून टाकले की झालं, मंडळी चहा पिऊन जातील, दादा खूश, आणि आपण गोधडीत. तोंड उघडलं. पण समोर तो माणूस काळी बोटं गुडघ्यावर ठेवून असा बसला होता, की याच्या बोलण्यावर त्याचा बाप टेबलावर चढणार की नाही ते ठरणार. आणि दुसऱ्याच्या बापाला खोटं सांगायचं, हे आमच्या रक्तात नाही.

"होतं," धाकटा म्हणाला.

दादानं मान वळवली.

"पहिल्यांदा खांदा धरला. दुसऱ्यांदा मांडी भाजली. त्यानं कुणी मरत नाही, पण माणूस दमतो. दमतो म्हणजे... वडिलांना म्हणावं, दमायची तयारी ठेवा." त्यानं श्वास घेतला. "पण करून घ्या म्हणावं. माझी पहिली गाठ गेली ती गेली, दुसरीही गेली. सुई चांगली आहे. फक्त एक. आधीचा ताप उतरल्यावर पुन्हा ताप आला, हुडहुडी भरली, तर बसून राहू नका म्हणावं. आत पू झालेला असतो. लगेच, त्याच पावली दवाखान्यात न्या. उगाच कारणं काढत बसू नका."

हे बोलता बोलता त्याच्या हातातला कप बशीवर ताडताड वाजायला लागला. चहा मांडीवर सांडला. त्यानं कप खाली ठेवायला बघितलं, तर ठेवता येईना.

कुलपवाला त्या कपाकडं बघत राहिला. मग अगदी साधेपणानं, जसं किल्ली कुठल्या दाराची असं विचारावं तसं म्हणाला, "मग तुम्ही का बसलात?"

बायकोनं पुढं होऊन त्याच्या हातातून कप काढून घेतला. धाकट्यानं आधी तिच्याकडं बघितलं, मग दादाकडं.

"दादा," तो म्हणाला, "मला नाही जायचं रे."

"कळतंय."

"खरंच नाही जायचं."

"कळतंय लेका." दादानं त्याच्या काखेत हात घातला. "हात टाक माझ्या गळ्यात. लहानपणी ओढ्यातून न्यायचो तसा नेतो. वजन फार वाढवलंस मटार खाऊन."

तो हसला की रडला ते कळलं नाही, पण उठला. स्वतःच्या तोंडानं सांगून बसला होता, आता मागं फिरायला जागाच उरली नव्हती. खाली कुलपवाल्याची छोटी व्हॅन उभी होती. त्यानं मागचे किल्ल्यांचे खोके बाजूला सारले, बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली. वाटेत एकदाच धाकट्यानं विचारलं, "तुमच्या वडिलांना सांगाल ना, करून घ्या म्हणून?"

"सांगीन," कुलपवाला म्हणाला. "सगळंच सांगीन."

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा अजून उजेड होता. डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेल लावून पडदा फिरवला. जळलेल्या जागी पोकळी झाली होती आणि ती पुवानं भरली होती. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, नीट बघितलं आणि विचारलं, "किती दिवस हुडहुडी भरतेय?"

"कोल्ड स्टोरेजमध्ये भरायची," धाकटा म्हणाला. "मला वाटलं खोलीची आहे."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "अजून उशीर झाला असता तर रक्तात पसरलं असतं," म्हणाल्या. "आता सलाइनमधून औषध लावते. आणि हे बाहेर काढावं लागेल."

"कसं?"

"सुईनं. सुईवरून बारीक नळी आत सरकवायची आणि ती तिथंच ठेवायची."

धाकट्यानं छताकडं बघितलं. "म्हणजे परत सुईच."

"सुईच. पण जाळायचं काही नाही. फक्त रिकामं करायचं." त्या जरा वाकल्या. "तुम्ही हो म्हणालात तरच."

बायको पायाशी उभी होती. दादा दाराशी उभा होता. तो गप्प होता, आणि दादा गप्प राहिला म्हणजे काय ते ओळखणाऱ्यांनी ओळखावं. धाकट्यानं स्वतःच शर्ट वर ओढला, बरगड्या उघड्या केल्या, आणि उजवा हात डोक्याखाली घेऊन कूस पुढं केली, त्यांनी न सांगताच.

"श्वास धरू?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात ऊन आलं तेव्हा त्याचा ताप उतरला होता. अंगाखालची चादर घामानं चिंब झाली होती, ती नर्सनं बदलली. बरगडीखालून निघालेली नळी पलंगाच्या कडेला टांगलेल्या पिशवीत उतरत होती, आणि पिशवीत मळकं पिवळं साचलं होतं. बायकोनं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. त्यानं अर्धा कप चहा घेतला आणि उरलेला तिला दिला.

डॉक्टरीणबाई आल्या. पिशवी बघितली, पोट चाचपलं, बऱ्यापैकी निघालंय म्हणाल्या. नळी काही आठवडे ठेवावी लागेल, औषध तितके दिवस चालेल, कोल्ड स्टोरेज सध्या बंद.

"आणि गाठ?" त्यानं विचारलं.

"पडद्यावर जेवढं दिसलं त्यात ती जळालेली दिसतेय. नीट फोटो नळी निघाल्यावर काढू."

"म्हणजे पुन्हा सुई नाही?"

"आज नाही," त्या म्हणाल्या. "पुढं कधीच नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमचं लिव्हर नव्या गाठी धरणारं आहे. बघत राहावं लागेल. सापडली तर ठरवू."

"बरं," धाकटा म्हणाला.

त्यांनी मग नळी कशी जपायची, पिशवी कधी रिकामी करायची, काय दिसलं तर बोलवायचं, ते एकेक करून सांगायला सुरुवात केली. तो ऐकत होता. मग त्याचे डोळे मिटले. डॉक्टरीणबाई बोलता बोलता थांबल्या.

"झोपू द्या त्यांना," बायको म्हणाली आणि कप खाली ठेवून पुढं सरकली. "मला सांगा. पहिल्यापासून सांगा, मी ऐकतेय."